उजव्या गुडघ्याची पट्टी

डॉक्टरबाईंनी मापाची टेप भोवऱ्याच्या उजव्या मांडीभोवती गुंडाळली. गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटरवर त्यांनी पेनाने आधीच खूण करून ठेवली होती. "चौपन्न," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग डावी मांडी मोजली. कपाळाला आठी घालून पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा टेप सरकवली, तेव्हा भोवऱ्याने दाराकडे पाहिलं.

नव्या क्लबशी करार करण्याआधीची ही तपासणी सकाळपासून सुरळीत चालली होती. रक्त देऊन झालं, छातीला तारा चिकटवून पळत्या पट्ट्यावर पळून झालं, हृदयाची सोनोग्राफी झाली. दातसुद्धा तपासले. "दातांनी कुठे फुटबॉल खेळतात?" असं त्याने विचारलं, तर दातांचा डॉक्टर म्हणाला, "पंचाशी हुज्जत घालायला लागतात की." उजव्या गुडघ्याचा एमआरआय स्वच्छ आला होता. तो येणारच होता, कारण त्या गुडघ्याला आजवर कधी काही झालंच नव्हतं.

जागच्या जागी गिरकी घेऊन समोरच्याला चकवायचा, म्हणून लहानपणापासून सगळे त्याला भोवरा म्हणत. आता तो तिशीचा झाला होता आणि मैदानाच्या कडेने धावणाऱ्या तिशीच्या विंगरला मोठा क्लब दुसऱ्यांदा बोलावत नाही. खाली हॉलमध्ये फोटोसाठी अकरा नंबरची जर्सी इस्त्री करून ठेवली होती. इथून नापास होऊन परतलं तर खेळणं संपलं, हे त्यालाही माहीत होतं आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या ताईलाही.

"दुखावला होता तो उजवा गुडघा ना?" डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. "दोन वर्षांपूर्वी. तुमच्या जुन्या क्लबने तसं लिहिलंय."

"हो."

"मग मांडी डावी का बारीक? दोन सेंटिमीटरचा फरक आहे. दुखऱ्या पायाची मांडी बारीक होते, चांगल्या पायाची नाही."

भोवरा समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिला. त्या सांगाड्याचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते.

"डॉक्टर, ताईला आत बोलावू का?"

"का? तिचाही गुडघा दुखतो?"

"नाही. उजव्या गुडघ्याला पट्टी बांधायची अक्कल तिची आहे."

ताई आत आली. ती एका शाळेत पीटी शिकवायची, आणि रजेच्या दिवशीही शिट्टी गळ्यात घालून आली होती. डॉक्टरबाईंच्या हातातली टेप बघून बिंग फुटल्याचं तिला कळलं. मग तिनेच सांगायला सुरुवात केली.

"हा आठ वर्षांचा होता. भिंतीवरून पडला आणि डावा गुडघा चांगलाच फोडून घेतला. संध्याकाळी मॅच. आईला कळलं असतं तर घरातच बसवलं असतं. म्हणून मी याच्या पँटचा उजवा पाय वर सरकवला आणि चांगल्या गुडघ्याला रुमाल बांधला. आईने रुमाल सोडून बघितला. साधं खरचटलेलंही नव्हतं. म्हणाली, नाटकी कुठला, जा खेळायला."

"तेव्हापासून मी उजव्यालाच पट्टी बांधतो," भोवरा म्हणाला. "पट्टी दिसली की समोरचे त्याच गुडघ्यावर घुसतात आणि डावा वाचतो. दोन वर्षांपूर्वी डावा खरंच पिरगळला, तेव्हाही पट्टी उजव्यालाच होती. क्लबच्या कारकुनाने पट्टी बघितली आणि उजवा लिहून टाकला. मी दुरुस्त केलं नाही."

"आज तरी सांगायचं होतंत."

"तुम्ही घरी पाठवलं असतंत."

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. "ते अजूनही पाठवू शकते. चला, डावा पाय."

दुसऱ्यांदा तो एमआरआयच्या त्या नळकांड्यात पडून राहिला. यंत्र डोक्याशी ठोकाठोक करत होतं. त्याला भीती वाटत होती, अगदी पहिल्या सामन्याच्या आधी वाटली होती तशी. पण तिच्या खाली कुठेतरी मोकळंही वाटत होतं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. हलू नका असं बजावलेलं असल्यामुळे त्याने नाकाला सुटलेली खाजही तशीच सोसली.

बाहेर येऊन तो ताईशेजारी बसला. ती शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे त्या दिवशी दोन गोल झाले होते," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने आत बोलावणं आलं. डॉक्टरबाई पडद्यावरच्या करड्या चित्राकडे बघत बोलल्या, "आतली गादी एका जागी फाटली होती. ती आता जुळून आलीय. बाकी सगळं जागच्या जागी आहे. मांडीचा व्यायाम करायचा, सहा आठवडे, रोज, कंटाळा न करता. क्लबला तसं कळवते. खेळायला हरकत नाही."

भोवऱ्याचा जीव भांड्यात पडला. ताई मागे दिसेल त्यावर मटकन बसली. तो वजनकाटा निघाला. आकडा लाल अक्षरांत झळकला, तशी ती चटकन उठली. डॉक्टरबाईंनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"फाइलमध्ये मी डावा लिहिलाय," कागद पुढे करत त्या म्हणाल्या. "मैदानात पट्टी कुठे बांधायची, ते तुमचं तुम्ही बघा."

जिन्यात थांबून त्याने आईला फोन लावला आणि ताईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"आई, पास झालो."

"हृदय बघितलं का नीट?"

"बघितलं. एकदम मस्त."

"आणि गुडघा?"

"गुडघाही."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"कोणता दाखवलास?"

भोवऱ्याने ताईकडे पाहिलं. ताई शिट्टी हातात धरून तशीच उभी राहिली.

"दोन्ही," तो म्हणाला.

"बरं केलंस. नाहीतर मला वाटलं, याही वेळी उजवाच पुढे करशील. लहानपणी तो रुमाल बांधून आलास, तेव्हा आठवडाभर, तुला झोप लागली की डाव्याला मलम लावत होते मी. तुम्हा दोघांना वाटलं, आपोआप बरा झाला."

त्याला हसू आलं. "मग त्या दिवशी मला सोडलंस कशाला?"

"मॅच होती ना तुझी," आई म्हणाली. "जा आता, सही कर."