चालेल म्हणायचं नाही

गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना विनोद सांगायचा नसतो. हातात कात्री असेल तर निभावतं.

ताईच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक ताईच्या.

शेजारचं मांजर शिंकतं तेव्हा आधी स्वतःच दचकतं.

‘अर्जदार स्वतः सांगतात की ते चालतात, धावूही शकतात.’

आमच्या घरात एका शब्दावर बंदी आहे.

*

सांगतो.

मी केस कापायचो. स्वतःचं दुकान, दोन खुर्च्या, समोर आरसा. मग मज्जातंतूंचा आजार झाला. म्हणजे पाय आहेत, पण निरोप पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत. पोचले तर उशिरा, आणि तेही भलतेच. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं आणि मी ताईकडे राहायला आलो. अपंगत्वाचा भत्ता मिळायचा. त्यातून सकाळी एक मदतनीस यायचे. आंघोळ, कपडे, व्यायाम सगळं ते बघायचे. ताई निर्धास्तपणे तिच्या ड्रायव्हिंग स्कूलला जायची.

फेरतपासणीचं पत्र आलं. मी गेलो. डॉक्टरीणबाई टाइप करत होत्या.

“आधाराशिवाय चालता येतं का?” असं विचारलं, आणि त्याच दमात रिमोट उचलून, “एसी जरा वाढवला तर चालेल ना?”

मी शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं. दुकानातली सवय.

“चालेल काय, धावेल!”

बाई मनापासून हसल्या. हसत हसत टाइप केलं.

भत्ता बंद.

मदतनीस बंद. ताईच्या सकाळच्या सगळ्या तुकड्या बंद, कारण आता मला आंघोळ ती घालत होती. धाकट्या भावाला मोठ्या बहिणीनं आंघोळ घालायची. त्यावर विनोद होत नाही. मी करून पाहिला. स्कूलच्या मालकांनी तिला सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघतो, नंतर गाडी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

*

एसीचं आम्ही कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं: पुरावा काय?

पुरावा नव्हता. पण दुसरी तपासणी मिळाली, आणि सोबतच्या माहितीत एक ओळ होती: आधी कळवल्यास रेकॉर्डिंग करता येईल. ताईनं त्याच दिवशी कळवलं.

“आणि तो शब्द,” ती म्हणाली, “आजपासून तोंडातून काढायचा नाही.”

दाजींना खेळच मिळाला. “चहात साखर कमी आहे, चालेल?”

“...होईल.”

“काय होईल? चहा तर झालाय.”

“हरकत नाही म्हण,” ताई म्हणाली.

“मी काय मंत्री आहे?”

“मंत्री असतास तर घरी येऊन तपासलं असतं त्यांनी.”

*

(रेकॉर्डिंग. ताईनं नंतर लिहून काढलेलं. कंस तिचे. ‘तो’ म्हणजे मी.)

ताई: फोन टेबलावर ठेवतेय. दिसतोय ना? चालू आहे.

डॉक्टर: हो हो, ठेवा. पेशंट कुठेत?

ताई: दारात.

(वॉकर टेकल्याचा आवाज. पाय घासत येतो. श्वास. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा वॉकर.)

तो: रंग छान दिलाय हो खोलीला.

ताई: बोलू नकोस. पायाकडे बघ.

(श्वास. वॉकर. काहीच नाही. कीबोर्ड.)

तो: आलोच. गर्दी आहे रस्त्यात.

(डॉक्टर हसतात. कीबोर्ड. वॉकर. काहीच नाही. काहीच नाही. खुर्ची करकरते.)

डॉक्टर: बसा बसा. पंखा बंद केला तर चालेल?

तो: चालेल.

(मी उठले.)

ताई: पंखा! पंख्याबद्दल बोलतोय तो!

डॉक्टर: अहो, कळलं मला.

ताई: तुम्हाला कळलं हो. मी याला सांगतेय.

(म्हणजे फोनला.)

डॉक्टर: बरं. उभं राहायला जमतं?

तो: समोर गिऱ्हाईक कोण आहे त्यावर.

ताई: नीट सांग.

(कीबोर्ड.)

तो: नाही जमत.

*

घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसून तिघांनी ते ऐकलं.

मी स्वतःचं चालणं कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? चालताना मी बोलत असतो. मला वाटायचं, बोलत राहिलं की दोन पावलांमधली जागा भरून निघते, समोरच्याला दिसत नाही. फोनमध्ये ती भरत नव्हती. माझा विनोद यायचा आणि संपायचा, आणि जागा तशीच्या तशी. त्यात कुणीतरी धापा टाकत होतं.

दाजी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस बंदच होता.

“असा आवाज येतो?” मी विचारलं.

“रोज,” ताई म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं. झालं उलटंच. वाटलं, सुटलो. आता हे मी तोंडानं सांगायला नको. आहे ते टेबलावर आहे.

*

अहवाल आला: ‘खोलीत चालत आले. संभाषण उत्साही, विनोदी. हालचालीत विशेष अडचण आढळली नाही.’

“विनोदी,” दाजी म्हणाले. “प्रमाणपत्रच दिलं की तुला!”

ताई हसली नाही. तिनं रेकॉर्डिंग, लिहून काढलेला कागद आणि चार ओळींची तक्रार असं सगळं पाठवून दिलं. मग आम्ही वाट पाहिली. महिना संपत आला तशी ती गाडीची किल्ली हुकला अडकवेनाशी झाली. घरात हातातच घेऊन फिरायची.

पत्र आलं तेव्हा तिनं एक चप्पल घातली होती, दुसरी घालायची होती. तशीच वाचत राहिली.

“मोठ्यानं वाच की!” मी ओरडलो.

“‘रेकॉर्डिंग ऐकले,’” ती वाचू लागली. “‘दारापासून खुर्चीपर्यंतचा भाग पुन्हा ऐकला. अहवालातील निष्कर्ष त्याच्याशी जुळत नाही. आधीचा निर्णय रद्द. भत्ता पूर्ववत.’”

आणि ती जमिनीवर बसली, एका चपलेनिशी, आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. दाजींनी तिला पाणी दिलं, ते तिनं मला दिलं. मी प्यायलो. कुणाला तहान होती देव जाणे.

सोमवारी मदतनीस आले. म्हणाले, “वजन वाढलंय तुमचं.”

“बहिणीच्या हातचं खातोय.”

“कळतंय. उचलणाऱ्याला विचारा.”

बाथरूमच्या खिडकीतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बंद पडली. पुन्हा सुरू झाली. कुणीतरी नवीन शिकत होतं. मग ताईचा आवाज, गल्लीभर ऐकू जाईल असा: “क्लच! अरे क्लच!” मदतनीसांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि मी डोळे मिटून घेतले.

पहिल्या तपासणीच्या दिवशी त्या इमारतीची लिफ्ट बंद होती; दाजींनी मला पाठीवर घेऊन दोन जिने चढवले होते.