स्मिदीतले भाडेकरू

केरी प्रीस राहायची त्या घराला आमच्या एल्वरडीनमध्ये सगळे स्मिदी म्हणतात. पूर्वी तिथे लोहारशाळा होती. घर भाड्याचं होतं, पण अकरा वर्षं ती, तिचा नवरा डॅरन आणि मागून झालेली तीन मुलं तिथे राहत होती. ते भाड्याचं आहे हे गावाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. माझ्या तरी नव्हतं.

मालक एड्रियन प्रोबर्ट. आमच्याच गावचा. चर्चचा कारभार बघायचा, शाळेच्या समितीवर होता, आणि कोणाच्याही अंत्यविधीला पहिल्या रांगेत असायचा. त्याला वाईट माणूस म्हणणारं गावात कोणी भेटलं नसतं.

मी ग्वेंडा लव्हेल. चाळीस वर्षं इथे आहे. नवरा गेल्यावर आवाराच्या टोकाचं कॉटेज, जिथे सासूबाई राहायच्या, ते मी दुरुस्त करून घेतलं आणि सुट्टीवर येणाऱ्या लोकांना आठवड्याच्या बोलीने द्यायला लागले. शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे जायचे, दुपारी चारला नवे यायचे. मधल्या वेळात केरी येऊन चादरी बदलायची, फरशी पुसायची, बाथरूम घासायची, फुलदाणीत बागेतली फुलं ठेवायची. फुलं ठेवायला मी कधी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरमधल्या अशाच एका शनिवारी ती पलंगापाशी उभी होती. हातात उशीचा अभ्रा होता आणि तो ती नुसताच उलटासुलटा करत होती.

"काल एड्रियन आला होता," ती म्हणाली. "मधाची बाटली घेऊन."

"त्याच्या पेट्यांतला ना? यंदा छान झालाय म्हणतात."

"हो. मध दिला, मग नोटीस दिली."

"कसली नोटीस?"

"घर सोडायची. दोन महिन्यांत. फार वाईट वाटतंय म्हणाला, पण इमोजेनला घर हवंय."

इमोजेन त्याची मुलगी. लंडनला असायची. नवऱ्याशी तिचं बरं चाललेलं नाही असं माझ्याही कानावर आलं होतं.

"स्वतःच्या मुलीसाठी मागतोय म्हटल्यावर मी काय बोलणार?" केरी म्हणाली. "उलट मीच त्याला चहा करून दिला. वर केकही दिला. डॅरन म्हणतो, आपलं सामान बांधायला दोरीही देऊन टाकायचीस."

ती हसली. मीही हसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण मला एक गोष्ट आठवली होती, आणि ती मी तिला सांगितली नाही.

जूनमध्ये चर्चमध्ये फुलांची सजावट होती. एड्रियन आणि मी शेजारी उभे राहून बादल्या भरत होतो. त्याने सहज विचारलं होतं, "ग्वेंडा, तुझं कॉटेज बरं चालतं म्हणे?"

"ईस्टर ते ऑक्टोबर एक आठवडा रिकामा जात नाही," मी म्हटलं होतं.

"कायमचा भाडेकरू ठेवण्यापेक्षा परवडतं?"

"दुपटीने परवडतं. शिवाय कटकट नाही. माणसं आवडली नाहीत तर शनिवारी जातातच की."

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. माझी बुकिंगं बघणारी जी बाई होती तिचा नंबरही एका चिठ्ठीवर लिहून दिला. तेव्हा स्मिदी माझ्या मनात नव्हती. ती त्याच्या मनात होती का, ते मी कधी विचारलं नाही.

केरीने घर शोधायला सुरुवात केली. डॅरन कोलफोर्डवाल्यांच्या गोठ्यावर होता, दोनशे गाई, पहिलं दूध पहाटे चारला काढायचं. त्यामुळे फार लांब जाऊन चालणार नव्हतं. पंधरा मैलांच्या टापूत भाड्याची घरं होती दोन. एकाला कुत्रा चालत नव्हता, आणि यांच्याकडे टिग नावाचा म्हातारा मेंढ्यांचा कुत्रा होता. दुसऱ्या घराच्या मालकाला डॅरनचा पगार पुरेसा वाटत नव्हता, हमी द्यायला जामीन हवा होता, आणि तोही स्वतःचं घर असलेला हवा होता.

"एका मालकिणीने फोनवर विचारलं, मुलं दंगा करतात का," केरी मला सांगत होती. "मी म्हटलं, कुत्रा करत नाही, तो थकलाय. मुलांचं खोटं कशाला सांगू. तिने फोन ठेवला."

ऑक्टोबरच्या शेवटी, हंगामातले शेवटचे पाहुणे गेल्यावर, ती चादरी घडी करत होती. मी दारात उभी होते.

"ग्वेंडा, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल."

"विचार ना."

"हे कॉटेज. उन्हाळ्यापर्यंतच. पाहुणे देतात तेवढं आम्हाला जमणार नाही, पण स्मिदीचं देतो त्याहून जास्त देऊ. मेझीचं इथल्या शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. तेवढं पार पडलं असतं. दोन खोल्यांत आम्ही मावू."

मला उत्तर आधीपासून तयार ठेवावं लागलं नाही, ते आपोआप तोंडात आलं. "अगं, दिलं असतं मी. पण ख्रिसमसला बुकिंग आहे. ईस्टरपासून पुढे तर सगळंच भरलंय."

"ख्रिसमसचा एक आठवडा," ती शांतपणे म्हणाली. "फेब्रुवारीत शाळांच्या सुट्टीचा एक. मग थेट ईस्टर. ते दोन आठवडे आम्ही डॅरनच्या आईकडे जमिनीवर झोपू. ईस्टरनंतरचं ईस्टरनंतर बघू. चादरी मीच धुते ना, कुठला आठवडा रिकामा ते मला ठाऊक आहे."

"लोकांना शब्द दिलाय, केरी. आणि कुत्र्याचे केस... पुढच्या पाहुण्यांना ऍलर्जी असते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने पुढची चादर उचलली, दोन कोपरे माझ्या हातात दिले, आणि आम्ही दोघींनी मिळून तिची घडी घातली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "शब्द दिलाय म्हटल्यावर काय."

आठ वर्षांपूर्वी स्थानिक कारभार बघणाऱ्या काउन्सिलने चर्चमागच्या शेतात सहा छोटी घरं बांधायचं काढलं होतं. गावात काम करणाऱ्यांसाठी, परवडतील अशा भाड्याची. तेव्हा सगळ्या गावाने विरोध केला. 'आमचं शेत वाचवा' असा कागद माझ्या खिडकीतही दोन महिने होता. शेत वाचलं. तिथे आता कंबरभर काटेरी झुडपं आहेत आणि कोणी पाऊल ठेवत नाही.

नोव्हेंबरात नोटिशीची मुदत संपली आणि प्रीस मंडळी घरातच राहिली. केरी काउन्सिलच्या ऑफिसात जाऊन आली होती. तिथल्या बाईने तिला बजावलं होतं, कोर्टाचा हुकूम येईपर्यंत हलू नका, आधी निघालात तर तुम्ही मुद्दाम बेघर झालात असं आम्ही धरू आणि मग तुम्हाला जागा द्यायची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही. केरीने हे मला सांगितलं, मी चार जणांना सांगितलं. पण गावाला ते पटलं नाही. तोवर सगळे तिच्या बाजूचे होते. मुदत उलटली आणि वारं फिरलं.

"मला कोर्टात जायची हौस आहे का?" एड्रियन पबमध्ये सगळ्यांना विचारायचा. "अकरा वर्षांत भाडं दोनदाच वाढवलं मी." लोक माना डोलवायचे. कोणीतरी त्याला बीअर पाजायचं.

पोस्टाच्या काउंटरवरच्या डोरीनने तर रांगेत माझ्याशी बोलताना मुद्दाम आवाज चढवला. "अकरा वर्षं राहिलं म्हणजे काय घर आपलं होतं?" केरी माझ्या मागे दोन माणसं सोडून उभी होती, हातात छोट्या ऑर्लाचा हात.

"नाही होत, डोरीन," केरी म्हणाली. "म्हणून तर मी झाडं सगळी कुंड्यांतच लावली."

मी तिकिटं घेतली आणि निघून गेले. बाहेर थांबून तिच्यासोबत चालत जाता आलं असतं.

कोर्टाचा हुकूम जानेवारीत आला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी घर रिकामं करायचं होतं. त्याआधीच्या रविवारी गावाने हॉलमध्ये निरोपाचा चहा ठेवला. मी आल्याचा केक केला. मोठं कार्ड होतं, त्यावर सदतीस सह्या होत्या. वर्षातून तीन आठवडे गावात येणाऱ्या लोकांनीही सही केली होती. एड्रियनने केरीला एक पाकीट दिलं. आत शिफारसपत्र होतं: इतकं स्वच्छ, प्रामाणिक आणि शांत कुटुंब शोधून सापडणार नाही, कोणत्याही मालकाने त्यांना डोळे झाकून घर द्यावं.

डॅरनने ते उभ्याउभ्या वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"एवढे चांगले आहोत आम्ही," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

एड्रियनला त्यातला टोमणा कळला नाही. त्याने डॅरनचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला.

काउन्सिलने त्यांना एकतीस मैलांवर, शहराबाहेरच्या रस्त्यालगत, हॉटेलची एक खोली दिली. पाच माणसं, एक खोली, स्वयंपाकाला एक किटली आणि मायक्रोवेव्ह. कुत्रा चालणार नव्हता. टिगला कोलफोर्डवाल्यांनी गोठ्यावर ठेवून घेतलं. तो रोज दुपारी चालत येऊन स्मिदीच्या फाटकापाशी बसायचा. आठेक दिवसांनी त्यांनी त्याला बांधून घातलं.

इमोजेन आली नाही. मार्चमध्ये नळवाले आले, मग रंगारी. मुलांचा झोका होता त्या जागी लाकडी फळ्या घालून गरम पाण्याचा हौद बसवला. दाराशेजारी भिंतीवर किल्लीची छोटी पेटी लागली, आकडे फिरवून उघडायची, माझ्याकडे आहे तशीच.

"इमोजेनचं नवऱ्याशी पुन्हा जुळलं," एड्रियन मला म्हणाला. "आनंदाचीच गोष्ट. मग घर काय रिकामं ठेवायचं? बाय द वे, तुझी ती बुकिंगवाली बाई फार हुशार आहे हं."

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण नंबर मीच दिला होता, म्हणून मी म्हटलं, "हो, हुशार आहे."

शाळेत एकोणीस मुलं होती, त्यातली तीन गेली. उरलेल्यांत एका घरची दोघं उन्हाळ्यात मोठ्या शाळेत जाणार होती. मे महिन्यात पत्र आलं की शाळा जुलैनंतर बंद. गावात केवढी खळबळ उडाली. हॉलमध्ये सभा झाली, बसायला जागा नव्हती. एड्रियन समितीतर्फे बोलायला उभा राहिला. त्याचा आवाज भरून आला होता. "आपली खरी अडचण अशी आहे," तो म्हणाला, "की हल्लीची तरुण कुटुंबं गावात टिकत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अर्ध्यात हात थांबले माझे, पण वाजवल्या हे खरं.

केरीनंतर मला कामाला कोणी मिळालं नाही. गावात आता तसं कोणी राहतच नाही. त्या वर्षीचा सगळा हंगाम मीच गुडघ्यांवर बसून फरशी पुसली.

नोव्हेंबरात डोळे तपासायला मी शहरात गेले होते. बसला वेळ होता म्हणून मोठ्या दुकानात शिरले. मासळीच्या काउंटरमागे पांढरी टोपी घालून केरी उभी होती. बारीक झाली होती.

"मिसेस लव्हेल," ती म्हणाली. इतकी वर्षं ती मला ग्वेंडा म्हणायची.

मुलं कशी आहेत विचारलं. ती म्हणाली, बरी आहेत. हॉटेलात सात महिने काढले, आता एका दुकानाच्या वर फ्लॅट मिळालाय. मेझीला नव्या शाळेत कोणी बोलत नव्हतं, आता एक मैत्रीण झालीय. डॅरनने गोठा सोडला. पहाटे चारच्या दुधासाठी रात्री अडीचला उठून गाडी हाकायचा, एकदा डुलकी लागून कुंपणात गेला. आता पार्सलं पोचवतो. गाईंची आठवण काढतो, म्हणाली, मग मी टीव्ही लावते.

माझ्या मागे कोणी नव्हतं. मी सगळं बोलायचं ठरवलं, आणि जमलं ते एवढंच. "केरी, कॉटेज देते मी तुला. वर्षभर, दोन वर्षं, पाहिजे तितकं. बुकिंगं रद्द करते. टिगलाही आण."

ती ग्लव्ह्ज घातलेल्या हातांनी बर्फावरचे मासे सरळ करायला लागली.

"टिग जुलैमध्ये गेला," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"शाळा नाही. डॅरनच्या जागी दुसरा माणूस लागलाय. आम्ही तिथे येऊन काय करायचं, मिसेस लव्हेल? फिरायला जायचं?"

मी म्हटलं, तेव्हाच द्यायला हवं होतं, मला माहीत आहे. एड्रियनला दिलेल्या त्या चिठ्ठीचंही सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. केरीने त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळली.

"काय देऊ तुम्हाला?"

मी कॉडचे दोन तुकडे मागितले. तिने ते वजन करून, नीट कागदात गुंडाळून, किमतीचं लेबल चिकटवून दिले आणि त्या माणसाला विचारायला लागली, त्याला काय हवं ते.

ख्रिसमसला मी ती काम करते त्या दुकानाच्या पत्त्यावर तिच्या नावाने कार्ड पाठवलं. त्या चिठ्ठीचं सगळं त्यात लिहिलं, काही न गाळता. उत्तर आलं नाही.