दोन ओंजळी माती

मागच्या भिंतीच्या खालच्या थरांवरून आईने हात फिरवला, तेव्हा तळव्याला पिठासारखी माती लागली. पुढची भिंत त्याच वर्षीची, त्याच मातीची. तिच्या विटांच्या कडा मात्र अजून शाबूत होत्या.

माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लेकीने दोन्ही भिंतींतली एकेक वीट गवंड्याकडून काढवून घेतली, वाळवली आणि वजनकाट्यावर ठेवली. पुढची पावणेआठ किलो भरली, मागची पावणेसात.

"आकार सारखाच, पण हिच्यात मातीच कमी बसलीय," लेक म्हणाली. "आत पोकळी राहिली की पाणी शिरतं, भारही पेलवत नाही. ही भिंत उतरवावी लागेल, आई."

आई खाली बसली. विटा दाबण्याच्या यंत्राचा दांडा तिनेच ओढला होता, सबंध घरासाठी. अकरा वर्षं ती पाहुण्यांना सांगत आली होती, "घर ह्यांनी बांधलं, विटा मी दाबल्या. जमेल तसं ह्यांनाही दाबलं!"

"माझाच जोर कमी पडला," ती आता म्हणाली. "तेव्हा खांदा धरला होता ना. उगाच मिरवत राहिले मी."

बाबा दाराशी उभे होते. साचा भरण्याचं काम त्यांचं होतं. गप्प राहिले असते तर विषय तिथेच मिटला असता.

"जोर कमी पडला असता तर दांडा पुरता खाली आला नसता, वीट जाड निघाली असती," ते म्हणाले. "हलकी नाही."

लेकीने चमकून दोन्ही विटांकडे पाहिलं. जाडी एकच होती.

"पुढची भिंत झाल्यावर तुझा खांदा दुखायला लागला. दांडा ओढताना तू ओठ चावायचीस, मला बघवेना. साच्यात दोन ओंजळी माती कमी टाकू लागलो. दांडा अलगद खाली यायला लागला."

"आणि मी म्हटलं, बघा, खांदा सुटला माझा!"

"तू इतकी हसलीस, की मग सांगवेना."



"अहो, महिनाभर थांबले असते मी," आई म्हणाली. "घर काय पळून जात होतं? विचारायचं तरी."

आईने पदराला हात पुसले. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता.

"यंत्र कुणाकडून तरी आणा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "या वेळी दांडा तुम्ही ओढा. साचा मी भरते."