इतिवृत्तातला शब्द

'बरळले' या शब्दाखाली पट्टी ठेवून रंजिताने पेन टेकवलं, तोच सोसायटीचे अध्यक्ष अभय यांचा सकाळपासूनचा तिसरा फोन आला.

"मॅडम, खोडलं का? सभासद बरळले, असं इतिवृत्तात लिहितात का कुणी?"

"मग काय लिहू?"

"मत मांडलं, लिहा."

"कसलं मत? विषय लिफ्टचा होता. दिनानाथकाका वीस मिनिटं मिठागरावर बोलत होते, मग कुणाच्या तरी लग्नावर, मग पुन्हा मिठागर. शेवटी मला 'मास्तर' म्हणाले."

"बडबडले म्हणा. नाहीतर असंबद्ध बोलले."

"बडबड पोरं करतात. आणि असंबद्धचा अर्थ विचारायला कुणी आलं तर तुमच्याकडेच पाठवेन. माणूस तापात बोलतो ना, त्याला बरळणंच म्हणतात."

तिने फोन आपटला. घणसोलीतल्या या सोसायटीचं सचिवपद बिनपगारी. त्यात आता शब्दांचा कीसही पाडायचा! तिने पट्टी घट्ट दाबून एकदाची रेघ ओढली.

बेल वाजली. दारात दिनानाथकाकांच्या पत्नी, यशोदाबाई. हातात सोसायटीच्या सूचनाफलकावरून काढलेली इतिवृत्ताची प्रत.

आता भांडण, असं समजून रंजिता घाईघाईने म्हणाली, "काकू, चुकलंच माझं. हे बघा, खोडलं."

यशोदाबाईंनी वहीत पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"कशाला खोडलंस गो?"

रंजिता वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"दीड वर्स पोराला सांगते हाय, हे घरात असंच बरळतात. तो पुन्यावरून फोन करतो, तवा हे दोन मिन्टं नीट बोलतात. मग म्हनतो, आई, तूच टेन्शन घेतेस. काल त्याला याचा फोटो पाठवला, तर पयल्यांदा गप्प झाला. उद्याची डाक्टरची वेळ घेतलीय त्यानं." त्यांनी प्रत मांडीवर सरळ केली. "काय काय बोलले ते सगलं लिवून दे. माज्या बोलन्यावर कुनी इस्वास ठेवत नाय."

रंजिताने नवं पान उघडलं. चार ओळी झाल्या आणि पेन अडलं. त्या वीस मिनिटांतली निम्मी तिने मोबाइल बघण्यात घालवली होती.

"काकू, मुलगा येणार आहे का उद्या?"

"त्याला सुट्टी नाय."

"मग किती वाजता निघायचं आपण?"