मानेजवळचा जोड

मी एक फोटो बोलतोय. खोटा फोटो. हे मी म्हणत नाही, व्हिसाच्या कचेरीतल्या साहेबांनी माझ्या कोपऱ्यावर पिवळी चिठ्ठी डकवून तसं लिहून दिलंय. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

सत्तावीस वर्षांपूर्वी चीनमधल्या थायशानला, आ-फुक फोटोवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. मुई घराण्याची सून नऊ वर्षांच्या लायक्वानला घेऊन आली होती. ही पोर पोटात असतानाच तिचा बाप सोन्याच्या डोंगरावर, म्हणजे अमेरिकेला, परत गेला होता. तिथे तो लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचा. लेकीला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. फक्त स्वतःचा एक फोटो पाठवला होता.

"मधली खुर्ची मोकळी सोडा," आ-फुक म्हणाला. "यजमानांना मी नंतर बसवतो."

आमच्याकडे अर्ध्याअधिक घरांतले फोटो असेच निघत. आ-फुकने बापाला कात्रीने कापलं, खुर्चीवर चिकटवलं, त्याचा पुन्हा फोटो घेतला आणि मी तयार झालो. लायक्वानला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने त्या मोकळ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता.

पुढे परदेशात नातेवाईक असणं हाच गुन्हा ठरला. आईने मला उशीत शिवून टाकलं. दहा वर्षं मी त्या दोघींच्या डोक्यांखाली घुसमटत काढली, आणि घडी नेमकी बापाच्या मानेवर पडली. आई गेली तीही त्याच उशीवर.

आता बाप एक्याऐंशीचा झालाय. पाय सुजलेत, प्रवास झेपत नाही. मरण्यापूर्वी लेकीला बघायचं म्हणून त्याने तिकडून तिच्या व्हिसासाठी अर्ज केला. लायक्वान सहा महिने कागदांमागे पळत होती. जन्माची नोंद नव्हतीच, म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्यांना सायकलवर बसवून जबानीला नेलं. पोलिसांचा दाखला मिळवला. शेवटी फाइलमध्ये मी.

अर्ज लिहून देणारे लौ मास्तर म्हणाले, "ताई, हा फोटो काढा. मानेजवळ जोड दिसतोय. एक कागद खोटा निघाला की सगळेच खोटे धरतात."

"बापाबरोबरचा दुसरा कुठून आणू, मास्तर?"

"मग काहीच लावू नका."

"नाक कापून लावू का माझं? बापाचंच आहे ते."

मास्तरांनी फाइलची दोरी बांधली आणि मी आतच राहिलो.

साहेबांनी मला भिंगाखाली धरलं. मग दुभाष्याने विचारलं, "तुमचे वडील इथे खरंच बसले होते?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "नाही. चिकटवलेत."

"म्हणजे फोटो खोटा."

तिचा आवाज चढला. "अहो, ते त्या खुर्चीवर बसलेले असते, तर मी तुमच्या दारात कशाला आले असते?"

दुभाष्याने साहेबांना एवढंच सांगितलं, "खोटा असल्याचं कबूल करतेय."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण साहेबांनी तोवर चिठ्ठी डकवलीही होती. बापलेकीचा एकत्र काढलेला खरा फोटो आणा, मग बघू, असा त्यांचा हुकूम.

अरे, अक्कल गहाण टाकलीत काय? फोटो काढायला दोघं भेटायला हवेत, आणि भेटायला तुमचा व्हिसा हवा. हे उशीत दहा वर्षं कोंडलेल्या मला कळतं, भिंग लावून बसलेल्या तुम्हाला कळत नाही?

सध्या मी लायक्वानच्या घरी भिंतीवर आहे, चिठ्ठीसकट. ती चिठ्ठी ती काढू देत नाही. येईल त्याला दाखवते. परवा बापाचं पत्र आलं, आता जिना चढवत नाही म्हणतोय. अक्षर फार हललंय.

साहेब, त्या दोघांना एकदा एका खोलीत बसू द्या. त्यांचा एक फोटो काढा. मग मला खुशाल फाडून टाका, मी हूं की चूं करणार नाही.