वाढणारं तेल

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर ट्रॅक्टरवर बसायला बंदी घातली. नवऱ्याची नोकरी फिरतीची. उरली सून. लग्नाआधी ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. ट्रॅक्टर तिने चालवला होता तो शेडपासून बांधापर्यंत, तोही सासरे बाजूने चालत असताना.

आता सासरे रोज सकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"किल्ली काढलीस? गिअर न्यूट्रलला? हँडब्रेक? मग आता पुढून सुरुवात कर."

रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा, चाकांचे नट, टायरची हवा, दोन्ही ब्रेक. सगळा क्रम त्यांना तोंडपाठ होता. सुनेला ही उजळणी आवडायला लागली. नटांवरून हात फिरवताना ती पुटपुटत मोजायची.

चौथ्या दिवशी ती इंजिनमधलं तेल मोजायची पट्टी हातात घेऊन थबकली. पट्टी पुसून पुन्हा आत घातली, पुन्हा काढली.

"बाबा, तेल वरच्या खुणेच्याही वर गेलंय."

"बरंय की. कमी तर नाही ना?"

"पण पहिल्या दिवशी ते खुणेच्या खाली होतं."

"अगं, इंजिन तेल पितं, तयार करत नाही. ट्रॅक्टर उतारावर असेल."

जमीन सपाट होती. तिने मोजपट्टी लावली: खुणेच्या वर चार मिलिमीटर. आकडा आणि तारीख कागदावर लिहून ती शेतावर गेली खरी, पण दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी सात मिलिमीटर भरले.

तिने नवऱ्याला फोन केला. "तू तेल ओतलंस का रे?"

"मी? मला त्याचं झाकण कुठे असतं तेही माहीत नाही."

सासूबाईंनी आतूनच सांगितलं, "माझ्याकडे बघू नका. मी तेल फक्त कढईत ओतते."

सून टीपकागद घेऊन आली. त्यावर एक थेंब डब्यातल्या कोऱ्या तेलाचा टाकला, शेजारी एक पट्टीवरचा. कोऱ्या तेलाचा थेंब जागच्या जागी बसून राहिला. दुसरा बघता बघता पसरला आणि काळ्या डागाभोवती फिकट कडं उमटलं. तिने पट्टीवरचं तेल चिमटीत चोळलं. पाण्यासारखं पातळ. मग बोटं नाकाशी नेली आणि तशीच सासऱ्यांपुढे धरली.

"कसला वास येतोय, सांगा."

सासऱ्यांनी हुंगलं आणि ताडकन उभे राहिले. "डिझेल! हे इथे कसं आलं? किल्ली दे इकडे. आज ट्रॅक्टर जागचा हलवायचा नाही."

दुपारी मिस्त्री आला. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप इंजिनला बाजूने जोडलेला होता, तो त्याने उघडला. आत तळहाताएवढा रबरी पडदा. कडेला बारीक चीर.

"इथून डिझेल खाली तेलात उतरतंय," मिस्त्री म्हणाला. "म्हणून तेल वाढलेलं दिसतं, पण त्यात दम राहत नाही. आणखी आठवडाभर चालवला असता तर बेअरिंग गेली असती, सगळं इंजिन खोलावं लागलं असतं. काका, तुमची नजर मात्र तेज हं."

सासऱ्यांनी फाटका पडदा हातात घेऊन उलटसुलट केला. कौतुक आयतं दारात आलं होतं.

"माझी नाही रे," शेवटी ते म्हणाले. "वीस वर्षं ती पट्टी बघतोय, पण कमी झालंय का, एवढंच. जास्त दिसलं की मी खूश. हिने पकडलं."

मिस्त्रीने नवा पडदा बसवला, जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला आणि नवं तेल भरलं. सुनेने चालू केल्यावर इंजिनचा आवाज भरदार आला. तेलाचा दाब कमी असला की पेटणारा लाल दिवा लगेच विझला. मग इंजिन बंद करून तिने थोडा वेळ थांबून पट्टी काढली. तेल दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

फाटका पडदा सासऱ्यांनी फेकू दिला नाही. संध्याकाळी घरी जो येईल त्याच्यासमोर ते तो दिव्यापुढे ताणून धरत आणि चिरेतून येणारा प्रकाश दाखवत. पाहुणा "काय हे?" म्हणाला की त्याला बसायला सांगून सुनेला हाक मारत.

"सूनबाई, ये गं जरा. तो टीपकागदही घेऊन ये."