सातव्या थांब्यावरचं शून्य

तिला घरात सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच हिचे प्रश्न सुरू: वाटेत पूल किती लागले, घड्याळ उजव्या हातात का, मिशी कधीपासून? अशी पोरगी परदेशात बसवाहतुकीचं शास्त्र शिकायला निघाली, तेव्हा वडील म्हणाले, "चला, आता निदान प्रश्न विचारायचे गुण तरी मिळतील."

परदेशातही स्वभावाला औषध सापडलं नाही. खोली मिळाली ती इस्त्रीच्या दुकानावर. दुपारभर पायाखालची फरशी कोमट. ती कोमट का, हे कळेपर्यंत हिने दुकानदाराचं डोकं खाल्लं, आणि कळल्यावर रोज ओले मोजे नेमक्या त्याच फरशीवर वाळत टाकू लागली.

पहिल्या सत्रात प्राध्यापकबाईंनी तिला एक बसमार्ग नेमून दिला. काम सोपं होतं. सकाळी अकराच्या गाडीत मधल्या दाराजवळ बसायचं आणि प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले ते तक्त्यात भरायचं. पाच आठवडे. ज्या थांब्यासमोर पाचही आठवडे शून्य राहील, तो वाहतूक कार्यालय बंद करणार होतं. "शून्य कधी खोटं बोलत नाही," असं बाई म्हणाल्या होत्या, आणि हिने ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

सातवा थांबा एका अरुंद गल्लीत होता. एका बाजूला थांब्याचा खांब, दुसऱ्या बाजूला घरांची कुंपणं. तिथे कोणी चढत नसे, उतरत नसे. तरी गाडी थांबायची, दार उघडायचं, अर्धा मिनिट तसंच राहायचं, मग मिटायचं. दोन आठवडे तिने मुकाट्याने शून्य लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात तिला राहवेना.

"काका, इथे कोणी नसतं. मग थांबता कशाला?" गाडी शेवटच्या थांब्याला लागल्यावर तिने चालकाला विचारलं. काका ही तिने आपल्या मनाने दिलेली पदवी. माणूस पन्नाशीचा, डब्याच्या झाकणासारख्या गोल चेहऱ्याचा.

"तुझ्या तक्त्यात जेवढी घरं आहेत तेवढीच भर," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून त्यामागे गेला.

हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला लावणं. दुसऱ्या दिवशी ती दार सोडून थेट चालकाच्या मागे जाऊन बसली. सातव्या थांब्यावर दार उघडलं, तिकडे कोणी नाही. पण पलीकडे, कुंपणाच्या बाजूने, काठी टेकत एक म्हातारा पुढे आला आणि त्याने चालकाच्या खिडकीतून फडक्यात बांधलेला डबा आत दिला. चालकाने तो पायाशी ठेवला. चौदाव्या थांब्यावर पांढऱ्या पोशाखातली एक परिचारिका खिडकीशी आली आणि डबा घेऊन वृद्धाश्रमाच्या फाटकात शिरली. त्या थांब्यावर चढउतार इतकी असायची की मोजण्याच्या नादात हिचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

ती फडक्याची गाठ तिच्या ओळखीची होती. तालुक्याच्या शाळेत असताना सहा वर्षं तिचा डबा असाच आला होता. गावाहून सकाळची बस, कंडक्टरच्या पायाशी डबा, फडक्याची दुहेरी गाठ. आई स्वतः एकदाही आली नाही. आईला कामातून वेळ नसतो, हे तिने धरूनच चाललं होतं. जगभर चौकशा करणाऱ्या पोरीने हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"कार्यालयाला कळवू नकोस," चालक म्हणाला. आज वर्तमानपत्र घडी घातलेलंच होतं. "प्रवाशाशिवाय सामान न्यायचं नाही असा नियम आहे. माझी नोकरी जाईल."

आता आली का पंचाईत! डब्याचं लिहावं तर काकांवर गदा, न लिहावं तर थांबा बंद. थांबा गेला की डबाही गेला.

ती म्हाताऱ्याला जाऊन भेटली. तो निवृत्त सुतार. बायको आश्रमात, तिची सेवा घरी होईना म्हणून. तिथलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून रोज हा रांधतो.

"तुम्ही स्वतः का नाही जात, आजोबा? सातच थांबे तर आहेत."

"मला काय करायचंय जाऊन? डबा पोचतोय ना." त्याने कोपऱ्यातला रंधा उचलला, उगाच फुंकर मारली आणि परत ठेवला.

त्या संध्याकाळी कोमट फरशीवर बसून तिने आईला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं आणि तिने विचारलं, "आई, तू डबा घेऊन स्वतः कधी का आली नाहीस गं?"

"आता काय आठवलं हे तुला?" आई हसली. "गाडीची पायरी केवढी उंच होती. माझा गुडघा तेव्हापासूनच धड नाही. एकदा निघाले होते तुझ्याकडे. चढताना तोल गेला, रस्त्यावर बसलेच. आख्खी गाडी 'अरेरे' करत बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. मग म्हटलं, डबा जातोय ना, आपण कशाला?"

फोन ठेवून तिने तक्ता पुढे ओढला. सहा वर्षं आई त्या गाडीच्या तक्त्यात शून्य होती. तिला राग आला. आईचा नाही, स्वतःचा.

सकाळी तिने मोजपट्टी उचलली. बाकीच्या थांब्यांवर पदपथाला लागून ओटा होता, पायरी जेमतेम वीतभर वर. सातव्या थांब्याला ओटाच नव्हता. तिथे पायरी जमिनीपासून दोन विती.

प्राध्यापकबाईंनी मोजमाप नीट वाचलं. "ओटा बांधावा असं तुझं म्हणणं. पण पायरी खाली आली म्हणून कोणी चढेल, हे कशावरून? शुक्रवारी तक्ते जमा होतील. मला एक माणूस दाखव. एकच."

गुरुवारी ती सुताराच्या दारात उभी राहिली. आडवळणाने बोलणं तिला जमत नसे, म्हणून तिने सरळ आईचीच गोष्ट सांगितली. पायरी, तोल, अरेरे. म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली.

"मी दोनदा पडलो," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा एका बाईने मला लहान मुलासारखं उचललं."

"तुम्ही सुतार. एक बुटकं स्टूल करून का नाही घेतलं?"

"करायला तास लागणार नाही. पण पोरी, मी वर चढल्यावर ते उचलणार कोण? उतरताना परत लागेलच की. चालकाला जागेवरून उठता येत नाही, आणि लोकांना रोज कुठे विनवू?"

"मी उचलेन. आणि तुम्ही चढताना मी तुमच्याकडे बघणारही नाही, शप्पथ."

शुक्रवारी अकराला गल्लीत गाडी थांबली. चालकाने सवयीने खिडकीतून हात बाहेर काढला. खिडकीशी कोणी नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. म्हातारी गेली की काय, हा विचार त्यावर स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात मधल्या दाराशी लाकूड टेकल्याचा आवाज झाला.

ती शब्दाला जागली. तक्त्यात मान घालून बसली, काठी वाजली तरी वर पाहिलं नाही. एक पाय. मोठा श्वास. दुसरा पाय. मग शेजारच्या आसनावर कोणीतरी धपकन बसलं आणि गरम जेवणाचा वास आला. तिने वाकून स्टूल आत ओढलं आणि सातव्या थांब्यासमोर, 'चढले'च्या घरात, एक लिहिला. त्या एकावरून पेन दोनदा फिरवलं.

चौदाव्या थांब्यावर परिचारिका नेहमीसारखी चालकाच्या खिडकीशी आली आणि तिने हात पुढे केला.

"आज डबा मधल्या दाराने उतरतोय," चालक म्हणाला. "जा, त्या आजींना सांग, केस विंचरून बसा म्हणावं."

चौकशी खिडकीने स्टूल खाली ठेवलं आणि पुन्हा दुसरीकडे तोंड फिरवलं. तिकडे बघता बघताच तिने फोन काढून आईला लिहिलं, "सुट्टीत मी घरी येणार नाही. तूच इकडे ये. पायऱ्या मी मोजून ठेवते."